पैनगंगेपलीकडचं घर

महागावात आम्ही भावंडं वाढलो ते घर आबाजींच्या लेखी बिऱ्हाडच होतं. खरं घर पैनगंगेपलीकडे, माहूरच्या बाजूला. धनोड्याला नदी उतरली की तेव्हा निजामाचा आदिलाबाद जिल्हा लागायचा. 1947-48 मध्ये निजामाच्या बाजूनं उठलेल्या रझाकारांच्या धाकानं तिकडची कितीतरी कुटुंबं रातोरात वऱ्हाडात आली. उमरखेडला तर निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सरहद्द कॅम्प होता. आमचे लोक पोरंबाळं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. भांडी माजघरात राहिली.

सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजांची पोलीस अ‍ॅक्शन झाली, पाच दिवसांत निजाम शरण आला आणि मंडळी परतली. भिंती उभ्या होत्या. सागवानी दारं, चौकटी, वासे नव्हते. शेतात दुसऱ्याचा नांगर चालू. मग कचेरीच्या खेपा. दफ्तर उर्दूत, आबाजी मोडी वाचणारे. अर्ज लिहिणारा मुन्शी निजामाचे हाली रुपये मागायचा, यांच्या खिशात इकडचे कलदार! तरी जमिनीला पावत्यांचा पुरावा होता. घरातल्या चीजवस्तूंना कसला?

तो मोठीआईकडे होता. लग्नातल्या भांड्यांवर नाव कोरलेलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या अक्षरांचा आकार तेवढा पाठ. बाजारात, पाणवठ्यावर ती लोकांच्या घागरी निरखायची. एक गंगाळ सापडलं. ज्याच्याकडे होतं तो म्हणाला, मी विकत घेतलंय. तिनं पैसे मोजले आणि आपलंच गंगाळ विकत आणलं. काकाजी यावर हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

पोलीस अ‍ॅक्शननंतर उलटंही झालं, आणि ते आमच्या ओसरीवर हळू आवाजात बोललं जायचं. निरपराध मुसलमान मारले गेले, त्यांची घरं लुटली गेली. याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत शेजारचं नांदेड धरलं. तिचा अहवाल मात्र वर्षानुवर्षं दडून राहिला. त्या दिवसांत लिलावातला स्वस्त तांब्याचा हंडा कुणी दारी आणला, तर मोठीआईनं तो घेतला नाही. म्हणाली, "त्याच्यावरबी कुणाचं नाव असंलच की."

1956 मध्ये माहूर नांदेड जिल्ह्यात आलं, नदीचे दोन्ही काठ एकाच राज्यात आले. तोवर शेत आबाजींच्या नावावर लागलं होतं. घराच्या जागेवर दुसऱ्यानं बांधलं होतं; तो दावा त्यांनी सोडून दिला.

महागाव, उमरखेड, हदगावकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजून परक्या नावांची भांडी असतील. मोडीत घालण्याआधी नाव तेवढं वाचून घ्या.