जिभेवरच्या मुंग्या

नारळी पौर्णिमा उलटली की बेळगुंदीत घाटाखालून बांगडा यायला लागायचा. वर पाऊस अजून पुरता गेलेला नसायचा, रताळ्यांच्या वेलांनी तांबडी माती झाकलेली असायची. मासळी घरात आली की आज्जी फडताळातली एक बरणी काढायची. बरणीत मिऱ्यांपेक्षा जराशी मोठी, तपकिरी, उकललेली फळं. एकेक फळ घेऊन त्यातली काळी चकचकीत बी ती काढून टाकायची. कामाचं ते नुसतं साल. अशी सात-आठ सालं वरवंट्यानं चेचून वाटीभर पाण्यात भिजत ठेवायची. खोबरं, ब्याडगी मिरची, धणे आणि हळदीचं वाटण उकळलं, आमसुलं पडली, बांगडे शिजत आले, की सगळ्यात शेवटी ते पाणी सालांसकट तिखल्यात. तिरफळ कधी वाटणात घालायचं नाही. वाटलं की उग्र होतं, मग दुसरं काही लागतच नाही.

"ते चावू नको गा, ताटाच्या कडेला ठेव," ती दर वेळी सांगायची. मी दर वेळी चावायचो.

आधी लिंबाच्या सालीचा आणि ओल्या लाकडाचा वास नाकात चढतो. मग क्षणभर काहीच नाही. चुकलं बहुतेक, जुनं असेल, असं वाटतं न वाटतं तोच जिभेच्या शेंड्याला बारीक थरथर सुरू होते. ती ओठांवर येते, हिरड्यांत शिरते. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला येतात तशाच मुंग्या, पण तोंडात. लाळ सुटते. आमसुलाची आंबट चव एकदम पुढे येते. वर घोटभर पाणी प्यावं तर तांब्याच्या काठाला जीभ लावल्यासारखं वाटतं. थोड्या वेळानं सगळं ओसरतं आणि जीभ पुन्हा आपली होते.

दोन-तीन भाषांच्या बाजारात एकाच वस्तूला दोन-तीन नावं असायचीच. मराठी बाई तिरफळ मागते, कोंकणी बोलणारी तेफळ म्हणते आणि कन्नड बोलणारी जुम्मनकाय. (वाण्याकडे नाव नीट उच्चारावं लागतं, हिरडा, बेहडा आणि आवळ्याचं त्रिफळा चूर्ण हातात पडलेली माणसं मी पाहिली आहेत.) पहिली दोन नावं फळाची आहेत. तिसरं नाव मात्र तोंडात काय होतं ते सांगतं. 'जुम्म' म्हणजे झिणझिणी, अंगावरून सरसरत जाणारा शहारा. मी मराठी घरात वाढलो, तरी या फळाचं सगळ्यात खरं नाव मला कन्नडमध्येच सापडलं. तिरफळाच्या कुळातलाच एक मसाला चीनमधल्या सिचुआन प्रांतात रोजच्या जेवणात असतो. तिथंही त्याच्या झणक्याला 'मा' म्हणतात, आणि बधिरपणालाही तोच शब्द आहे.

या सिचुआन मिऱ्यांवर लंडनमध्ये एक प्रयोग झाला. 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. माणसांच्या ओठांना ती पूड लावायची, बोटाच्या टोकाला यंत्रानं कंप द्यायचा आणि विचारायचं, ओठावरची थरथर बोटावरच्या कंपाहून जलद आहे की मंद? उत्तरं जुळवत गेल्यावर आकडा निघाला सेकंदाला सुमारे 50 कंप. आपल्या घरातल्या विजेचीही वारंवारता तेवढीच आहे. हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो. प्रत्यक्षात ओठ हलत नसतात. स्पर्श ओळखणाऱ्या ज्या नसा एरवी खराखुरा कंप टिपतात, त्यांनाच हा मसाला जागं करतो. त्यातल्या द्रव्याचं नाव सांशूल, जपानी 'सान्शो' मसाल्यावरून पडलेलं.

म्हणजे तिरफळ चव देत नाही, ते जिभेला शिवतं. गुडमारचं पान याच्या अगदी उलट. ते चावून वर गूळ खाल्ला तर गूळ मातीच्या ढेकळासारखा लागतो, कारण ते पान जिभेची गोडाची दारंच काही वेळ अडवून धरतं. तिरफळ कुठलंही दार अडवत नाही.

मिरचीचंही असंच. साखर गोड लागते, मीठ खारट लागतं, पण मिरची झोंबते. झोंबतो पहाटेचा वारा, झोंबतं जखमेवरचं औषध, झोंबतात आखाड्यातले पैलवान. साखर झोंबली असं कुणी म्हणत नाही. हा शब्द मराठीत कुणी ठरवून बसवलेला नाही, जिभेनंच तो शोधला. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 मध्ये दाखवलं, की शरीरात जे ग्राहक सुमारे 43 अंशांवरच्या उष्णतेनं जागे होतात, त्यांनाच मिरचीतलं कॅप्सायसिन जागं करतं. म्हणून तोंड भाजल्यासारखं होतं, आणि वाफाळतं तिखलं गारढोण तिखल्यापेक्षा जास्त जाळतं. या शोधासाठी त्यांना 2021 चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत. पक्ष्यांच्या अंगातला हाच ग्राहक कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरची पेरूसारखी खातो.

आपल्या जुन्या वैद्यांनी मात्र तिखटाला सहा रसांत बसवलं आणि त्याला कटू म्हटलं. मराठीत येता येता त्याच कटूचं कडू झालं आणि अर्थ कारल्याकडे गेला. तिखट आलं तीक्ष्णावरून, धारेच्या शब्दावरून. धारही चाखायची नसते, ती लागते.

हे सगळं मी वाचलं ते आज्जी गेल्यावर. तिच्या शेवटच्या वर्षात तिची चव गेली होती. आमटी, भात, लोणचं, सगळं तिला भुसकट लागायचं. ताट पुढे आलं की ती दोन घास खाऊन सरकवून द्यायची. चवीच्या नसा वेगळ्या आणि तोंडातल्या स्पर्शाची, चेहऱ्याकडे जाणारी नस वेगळी, हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बांगडा आला म्हणून आईनं तिखलं केलं, एवढंच. आज्जीनं मासा बाजूला केला. बोटांनी रस्सा चाचपून तिरफळाचं एक साल शोधलं, उरलेल्या दाढांमध्ये धरलं आणि सावकाश दाबलं.

आम्ही बघत राहिलो. ती वाट पाहत होती. मग तिनं खालच्या ओठाला बोट लावलं, जसं काही तो हलतोय का ते पाहावं.

"जुम्म झालं बघ," ती म्हणाली, आणि ताट पुढे ओढून घेतलं.