पारा उडालेला आरसा

आरसा खरें बोलतो म्हणून त्याचें कौतुक करण्याची आपल्यांत रीत आहे. परंतु ज्या आरशाविषयीं मला आज चार शब्द लिहावयाचे आहेत, त्यांत कोणी आपला चेहरा पाहात नाहीं. तो एखाद्या कुलूपबंद, थंडगार खोलींतील लोखंडी सांगाड्यांत बसविलेला असतो; आणि जोंवर तो शाबूत आहे तोंवर तो तेथें आहे हेंहि कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

माझा व्यवसाय सर्व्हर सांभाळण्याचा. त्यांतहि युनिक्सच्या घराण्यांतील. युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं रचावयास घेतली. आज फ्रीबीएसडी, सोलॅरिस, लिनक्स अशीं तिचीं औरस व मानलेलीं अपत्यें बँकांचे हिशेब, रुग्णालयांचे कागद आणि आपल्या घरोघरच्या लग्नांचे फोटो सांभाळीत बसलीं आहेत. हें सारें लिहिलें जातें तें बहुतेक डिस्केवर. डिस्क म्हणजे मिनिटास बहुधा ७,२०० फेरे घेणारी गुळगुळीत तबकडी, आणि तिच्यावरून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरानें तरंगत जाणारें वाचनाचें टोंक. अशी वस्तु रात्रंदिवस वर्षानुवर्षें चालते हेंच नवल. ती एके दिवशीं थांबते यांत नवल कसलें?

म्हणून शहाण्या माणसांनीं तोड काढली ती अशी, कीं एका डिस्केच्या जागीं दोन बसवावयाच्या, आणि जें एकीवर लिहावयाचें तेंच दुसरीवरहि लिहावयाचें. या जोडीस आमच्या धंद्यांत मिरर, म्हणजे आरसा, असें म्हणतात. टँडेम कंपनीच्या यंत्रांत १९७० नंतरच्या दशकांतच अशा जोड्या होत्या. पुढें १९८८ सालीं बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनीं स्वस्त डिस्का एकत्र जुंपण्याच्या रीतींची एका निबंधांत पद्धतशीर प्रतवारी लावली व त्या योजनेस 'रेड' हें नांव दिलें. त्या प्रतवारींत आरशाचा क्रमांक पहिला. जोडींतील एक डिस्क गेली तर दुसरी काम तसेंच पुढें चालविते. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला कांहीं कळत देखील नाहीं.

माझ्या मतें या युक्तीची सारी मेख या शेवटच्या वाक्यांत आहे. डिस्क एकटी असती तर तिच्या मरणाचा बोभाटा झाला असता. जोडींतील एक गेली तर दुसरी तें मरण झांकून घेते. संसारांत हा प्रकार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. घरांत दोन कर्तीं माणसें असतात. एक खचलें तर दुसरें मुकाट्यानें दोघांचा भार उचलतें; ताट वेळेवर वाढलें जातें, मुलें वेळेवर शाळेला जातात; आणि त्या दुसऱ्यानें अंथरूण धरीपर्यंत तुझ्यावरचा भार दुप्पट झाला आहे काय, हें त्याला कोणी विचारीत नाहीं. आरसा आपल्याला सुरक्षितता देतो असें लोक समजतात. वस्तुतः तो देतो ती मुदत. त्या मुदतींत आपण काय करतों यावर पुढचें सारें अवलंबून असतें.

दोन वर्षांपूर्वीं तालुक्याच्या गांवच्या एका ग्रंथालयांतून मला बोलावणें आलें. ग्रंथालय शंभरी ओलांडलेलें. तेथील जुन्या मासिकांचीं व स्थानिक वृत्तपत्रांचीं पानें हातांत घेतांच तुकडे पडूं लागले, म्हणून एका देणगीदाराच्या पैशांतून त्यांचे फोटो घेऊन एका लिनक्स सर्व्हरवर ठेवले होते. सर्व्हर बसविणारानें डिस्का जोडीनें बसविल्या होत्या, आणि बिलावर 'संपूर्ण सुरक्षित' असे शब्दहि होते. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अलीकडे जरा मंद चालतो, एवढेंच. बाकी तक्रार कांहीं नाहीं हो."

मीं आरशाची स्थिति पाहिली. लिनक्समध्यें ती एका ओळींत कळते. दोन्ही डिस्का जाग्या असल्या तर कंसांत यू हें रोमन अक्षर दोनदां येतें; एक गेली असेल तर तिच्या जागीं नुसती आडवी रेघ. तेथें एक यू होता व एक रेघ होती. नोंदी चाळतां कळलें कीं ती रेघ सात महिन्यांची आहे. यंत्रानें आपल्या कर्तव्यांत कसूर केली नव्हती. त्यानें रोज एक पत्र लिहून डिस्क गेल्याचें कळविलें होतें. पण तीं पत्रें सर्व्हरच्याच पोटांतील 'रूट' नांवाच्या टपालपेटींत पडत होतीं, आणि ती पेटी उघडण्यास कोणी माणूस नेमलेलाच नव्हता. दोनशेंहून अधिक पत्रें होतीं. मजकूर सर्वांत एकच.

"मग इतके दिवस हें चाललें कशावर?" बाईंनीं विचारलें.

"दुसरीच्या पुण्याईवर," मीं म्हटलें.

वाचकांस वाटेल कीं पुढचें काम सोपें आहे: बिघडलेली डिस्क काढावी, नवी घालावी. परंतु सर्वांत धोक्याची घटका ती हीच. टँडेम कंपनींतीलच जिम ग्रे यांनीं १९८५ सालीं आपलीं यंत्रें कशामुळें बंद पडतात याचा हिशेब मांडला. शेंकडा १८ वेळां दोष यंत्रसामग्रीचा निघाला. शेंकडा ४२ वेळां यंत्राची व्यवस्था पाहाणाऱ्यांचा, म्हणजे माझ्या जातभाईंचा. मेलेली डिस्क समजून जिवंत डिस्क ओढून काढल्याच्या कथा आमच्या धंद्यांत जागोजाग ऐकूं येतात. त्याचें कारणहि साधें आहे. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशीं नांवें देतो तीं त्या सांपडतील त्या क्रमानें; यंत्र पुन्हां सुरू केल्यावर तीं बदलूंहि शकतात. नांवावर विसंबणें म्हणजे पाहुण्याला पंक्तींतील पाटाच्या क्रमावरून ओळखणें होय. म्हणून जिवंत डिस्केला तिचा कारखान्यांतील क्रमांक विचारून तो कागदावर उतरून घ्यावयाचा व डिस्केवर चिकटविलेल्या चिठ्ठीशीं अक्षर न् अक्षर पडताळावयाचा. दुसरी खूण दिव्याची. जिवंत डिस्केला सारखें वाचावयास लावावें. जिचा दिवा लुकलुकेल तिला हात लावूं नये. मग यंत्राला अगोदर सांगावयाचें कीं ही डिस्क बाद समज, नंतर ती जोडींतून वगळ. आणि त्यानंतरच हातानें ती उपसावयाची. नवीवर जुन्या डिस्केप्रमाणें विभाग आंखावयाचे. येथें उलट दिशेनें आज्ञा दिली तर कोऱ्या डिस्केची आंखणी भरलेल्या डिस्केवर जाऊन बसते. शेवटीं, यंत्र ज्यावरून जागें होतें तो बूटलोडर नवीवरहि घालावा लागतो. नाहींतर उद्यां जुनी गेली कीं सर्व्हर उठतच नाहीं.

परंतु त्या दिवशीं मीं यांतील कशासहि प्रथम हात लावला नाहीं. नवी डिस्क जोडींत घेतली कीं यंत्र उरलेली डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढतें. चार टेराबाइटची डिस्क सेकंदास दीडशें मेगाबाइट या वेगानें वाचली तरी सुमारें साडेसात तास लागतात. ज्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षें कोणी फिरकलें नाहीं ते कोपरे या वेळीं उघडले जातात, आणि त्यांतील झिजलेल्या जागा याच वेळीं दगा देतात. शिवाय जोडींतील दोघी बहुधा एकाच दिवशीं, एकाच खोक्यांतून आलेल्या असतात. वर आलेले गार्थ गिब्सन व बियांका श्रोडर यांनीं २००७ सालीं एक मोठी पाहाणी प्रसिद्ध केली. कारखानदार डिस्केला दहा लक्ष तासांहून अधिक आयुष्य सांगत. त्या हिशेबानें वर्षाकाठीं शेंकडा एकहि डिस्क बदलावी लागूं नये. प्रत्यक्षांत शेंकडा दोन ते चार हें प्रमाण सर्रास आढळलें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, एक गेल्यावर दुसरी जाण्याचा संभव वाढलेला दिसला. म्हणून मीं अगोदर सर्व सांठ्याची प्रत बाहेरच्या एका डिस्केवर काढावयास घेतली. प्रत काढतांना हजारों फाइलींपैकीं तीन वाचतां आल्या नाहींत. प्रत हातीं आल्यावरच मीं मेलेली डिस्क काढली. दुसरीलाहि निवृत्ति दिली, आणि दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या नव्या डिस्का बसविल्या.

सन कंपनीच्या सोलॅरिसबरोबर २००५ च्या सुमारास झेडएफएस नांवाची जी व्यवस्था आली, तींत नवी डिस्क भरून घेण्याच्या या क्रियेस रिसिल्व्हरिंग म्हणतात. म्हणजे आरशाला पुन्हां पारा चढविणें. आपल्याकडे पारा उडालेल्या आरशांत अर्धा चेहरा दिसतो हें ज्यानें पाहिलें आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाहीं. झेडएफएसचा आणखी एक गुण असा कीं ती प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पडताळणीची खूण ठेवते. साध्या जोडींत दोघींची जबानी जुळली नाहीं तर खरें कोण बोलतें हें ठरविण्यास साधन नसतें. येथें तें असतें.

वाचतां न आलेल्या तीन पानांची यादी मीं बाईंच्या हातीं दिली. त्या शिडी घेऊन मागच्या दालनांत गेल्या. दोन पानांचा मूळ कागद जीर्ण अवस्थेंत पण मिळाला. तिसरें पान ज्या खंडांत होतें तो खंड फोटो घेतल्यावर, 'आतां संगणकांत आहे' या कारणास्तव, समितीच्या ठरावानें रद्दींत दिलेला होता. सूचींत त्या पानासमोर एकच ओळ होती: गांवांतील स्त्रियांनीं भरविलेल्या सभेचा वृत्तांत. कोण बोललें, काय बोललें, किती जणी जमल्या होत्या, हें सांगणारें दुसरें कांहीं ग्रंथालयांत नव्हतें. "माझी आजेसासू या सभेंत बोलली होती असें घरांत सांगत," बाई म्हणाल्या. "वाचूं, वाचूं म्हणतां राहून गेलें."

आरसा आणि प्रत या दोन वस्तु निराळ्या आहेत, हें मी प्रत्येक ठिकाणीं सांगतों. आरशापुढें कोणी कागद फाडला तर आरशांतला कागदहि फाटतो. एका डिस्केवरून चुकून पुसलेलें दुसरीवरूनहि त्याच घटकेस पुसलें जातें. प्रत दुसऱ्या घरीं असावी लागते, आणि ती अधूनमधून उघडून वाचावी लागते. त्या ग्रंथालयाची एक प्रत आतां दुसऱ्या गांवीं असते, आणि सर्व्हरचीं पत्रें बाईंच्या फोनवर येतात. पण बाईंचा त्यावरहि विश्वास नाहीं. वाळवी व ओल यांच्या तपासणीची त्यांची एक जुनी वही आहे. तींत दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, कपाटांच्या नोंदीखालीं, त्या स्वतः पाहून आपल्या अक्षरांत लिहितात: दोन्ही यू आहेत.