काटा कधी चढतो?

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. धाकट्यास,


मघाशी फोनवर तू म्हणालास, "ताई, 2014 ची इनोव्हा मिळतेय, दिल्लीहून आलेली आहे, किंमत फार चांगली आहे. घेऊ का? हो की नाही, तेवढं सांग." मला सांगता आलं नाही. सहा वर्षं जुनी इनोव्हा सांभाळल्यावर या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात माझ्याच्यानं देववत नाही, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच, आणि तोवर इसार देऊ नकोस.

मोठी गाडी हवी, याबद्दल माझं दुमत नाही. आईचे गुडघे, आप्पांची काठी, दोन मुलं आणि तुम्ही दोघं. लहानपणी आपण जोतिबाला वडापच्या जीपनं जायचो ते आठवतं ना? आई पुढं कुठंतरी दाटीत, आप्पा मागच्या फळीवर अर्धे बाहेर, आणि आपण कुणाच्याही मांडीवर. एका गाडीत असूनही आपण चौघं शेजारी बसल्याचं मला एकदाही आठवत नाही. आमची गाडी आली त्या रविवारी मधल्या सीटवरून सासूबाईंनी मागं वळून पोरांच्या हातावर लाडू ठेवले. ते बघून मला आतून भरून आलं. गाडीवर मी एवढा जीव का टाकते, असं तुझे दाजी विचारतात. त्याचं कारण तो लाडवाचा हात आहे.

आईसाठी सात सीटची बघ, आठची नको. सातच्या गाडीत मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असतात, प्रत्येकीला हात टेकायला आधार असतो आणि दोन्हींच्या मधून मुलं मागं जातात. आठ सीटच्या गाडीत मागं जायचं तर मधलं बाकडं दुमडावं लागतं, म्हणजे दर वेळी कुणीतरी मोठ्या माणसानं उठायचं. सीटची उंचीही आईला सोयीची आहे. गुडघे मोडून खाली जावं लागत नाही की वर चढताना लटकावं लागत नाही. सासूबाई फक्त दाराच्या खांबाला धरतात आणि टेकतात.

आता आमची गाडी कशी घेतली ते ऐक, कारण त्यातलं बरंच तुला कामाला येईल. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं काय केलं ते तू पाहिलंस. महामार्गसुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. त्या दिवाळीच्या सुमारास बाजारात पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून उभ्या होत्या. वरून एकदम चकचकीत. आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी मला तेव्हा शिकवलं: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढायचा. गाडी धुणारा माणूस बेल्टचा वरचा भाग धुतो, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहून जाते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या बघायच्या, गालिचा उचलून वास घ्यायचा, हेडलाइटच्या काचेत आतून धुकं आहे का पाहायचं. बुडालेलं इंजिन कुणी घाईनं चालू केलं असेल तर आणखी वाईट. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडवरही गाडी काही दिवस चालते. तेवढ्या दिवसांत ती विकली जाते.

तीन गाड्या आम्ही सीटबेल्टवरूनच सोडल्या. चौथी गडहिंग्लजच्या एका ऊस बागायतदाराची. 2012 चं मॉडेल, अडीच लिटर डिझेल, एकहाती, 1,40,000 रनिंग. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगवरची झिलई आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड या तिन्ही गोष्टी त्या आकड्याशी जुळत होत्या. मीटर मागं फिरवता येतं, पण झिजलेलं रबर पुन्हा जाड होत नाही. नवं रबर बसवलेलं दिसलं तर तेही लक्षात घ्यायचं. इनोव्हा घेताना हे जास्तच बघावं लागतं, कारण यातल्या पुष्कळ गाड्या आधी पिवळ्या पाटीवर, टुरिस्टला पळालेल्या असतात आणि नंतर पांढऱ्या पाटीवर करून घेतलेल्या असतात. टुरिस्टची गाडी वाईटच असते असं मी म्हणत नाही, काही मालक तिला लेकरासारखी ठेवतात. पण तिची किंमत वेगळी असली पाहिजे, आणि ते विकणाऱ्यानं आपणहून सांगितलं पाहिजे.

मालक म्हणाले, टायमिंग बेल्ट बदललाय. बिल मात्र सापडेना. माणूस सज्जन होता, खोटं बोलत नव्हता असं मला आजही वाटतं. तरी पहिल्याच आठवड्यात मी बेल्ट बदलून घेतला, सोबत टेन्शनरही. या इंजिनात साखळी नाही, दातेरी रबरी पट्टा आहे (2016 ला क्रिस्टा आली, तिच्यात साखळी). तो पट्टा तुटताना आधी आवाज करत नाही. चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ सुटतो आणि ते एकमेकांवर आदळतात. एका पट्ट्यापायी निम्मं इंजिन उघडावं लागतं. म्हणून ज्याचं बिल नाही ते काम झालेलंच नाही, असं धरून चाल आणि तेवढे पैसे गाडीच्या किमतीत आधीच मिळव.

आता मुख्य गोष्ट. तुला नीट सांगायची आहे ती हीच.

2022 च्या मे महिन्यात आम्ही साखरप्याहून परत येत होतो. गाडीत सात माणसं, टपावर आंब्याच्या पेट्या. आंबा घाटात पुढं भरलेले ट्रक, त्यांच्यामागं दुसऱ्या गिअरवर सरपटणं चाललेलं. अर्ध्या चढावर माझं लक्ष गेलं तर तापमानाचा काटा मधली खूण सोडून वर निघाला होता. एसीची हवाही कोमट झाली होती. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. मे महिन्यात हीटर म्हटल्यावर पोरं रडकुंडीला आली, पण इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते. मग जागा बघून थांबलो. रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू दिलं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, झाकण फिरवलं की ते तोंडावर येतं. तास-दीड तास बसलो, टाकीत कूलंट व्यवस्थित आहे हे पाहिलं आणि संध्याकाळी गार हवेत घाट चढून आलो.

इथून पुढचे दोन महिने मी जे केलं ते तू करू नयेस, म्हणून सगळं सांगते. पहिल्या गॅरेजात सांगितलं, थर्मोस्टॅट गेलाय. बदलला. पुण्याला तुझ्याकडं येऊन गेलो, काटा तसूभर हलला नाही, मला वाटलं सुटलो. पुढच्याच महिन्यात गगनबावड्याकडं जाताना पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, रेडिएटर चोंदलाय. काढून साफ केला, कूलंट नवं भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, हेड गॅस्केट. इंजिन उघडावं लागेल. आकडा ऐकून मी गाडी विकायच्या विचाराला लागले. तेव्हा आमच्या जुन्या मेस्त्रींकडं गेले, उद्यमनगरच्या गल्लीत. गाडी दुसरीकडं दाखवली म्हणून ते रागावले नाहीत. बॉनेटही उघडलं नाही. स्टूल पुढं केलं आणि म्हणाले, "वहिनी, काय बिघडलंय ते राहू दे. कधी बिघडतं ते सांगा."

मला धड सांगता येईना. मी घरी गेले, डिझेलच्या पावत्या काढल्या, फोनमधले फोटो काढले आणि दोनशे पानी वहीत एकेक प्रवास लिहून काढला: कुठला रस्ता, किती वेग, किती माणसं, एसी चालू की बंद, काटा कुठं. दोन पानं भरली आणि चित्र दिसायला लागलं. ऐंशीच्या वेगानं महामार्गावर काटा जागेवर. चढ असला तरी रस्ता मोकळा असेल तर जागेवर. गाडी हळू चालली किंवा उभी राहिली की वर. आणि नेमकं तेव्हाच एसी कोमट. भाकरी थापत असलेल्या सासूबाई ते ऐकून म्हणाल्या, "आणि सकाळी गाडी आता गरजत नाही. पहिल्यांदा कशी घोंघों करायची थोडा वेळ, मी त्यावरनं ओळखायचे तू निघालीस ते." तीन गॅरेजांना जे सापडलं नव्हतं ते स्वयंपाकघरात बसून त्यांनी सांगितलं.

मी ते वाक्यही वहीत लिहून मेस्त्रींकडं नेलं. त्यांनी गाडी चांगली तापू दिली, इंजिन बंद केलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि रेडिएटरमागचा पंखा बोटानं ढकलला. पंखा गरगर फिरत राहिला. तापलेल्या गाडीत तो जड लागायला हवा, ढकलला की लगेच थांबायला हवा. पंख्याच्या मधोमध व्हिस्कस क्लच असतो, चपट्या डब्यासारखा. त्यात घट्ट सिलिकॉन तेल असतं. समोर एक दुहेरी धातूची पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती पट्टी वळते, आतला रस्ता उघडते, तेल पुढं येतं आणि त्याच्या घट्टपणानं पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरू लागतो. हवा गार झाली की पंखा सैल सुटतो आणि इंजिनाचं बळ वाचतं. रात्रभर उभ्या गाडीत ते तेल आत साचतं, म्हणून सकाळी चालू केल्यावर पंखा थोडा वेळ गरजतो. आमच्या क्लचमधलं तेल वयोमानानं झिरपून गेलं होतं. डब्याभोवती धुळीचा काळा चिकट थर त्याची साक्ष देत होता. वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो, तिथं पंख्याची गरज लागत नाही. घाटात वारा नाही आणि पंखाही नाही. एसीचा कंडेन्सर त्याच हवेवर जगतो, म्हणून तोही कोमट.

क्लच बदलायला सकाळ पुरली. इंजिन उघडण्याचा जो आकडा ऐकला होता, त्याच्या दहाव्या हिश्शातही खर्च आला नाही. त्या तीन गॅरेजांवर मी डूख धरलेला नाही. मी त्यांना "गाडी तापते" एवढंच सांगितलं होतं आणि त्यांनी तापणाऱ्या गाडीचा एकेक पार्ट बदलला. विचारलं त्यांनी नाही, हे खरं. पण सांगितलं मीही नव्हतं. त्या दिवसापासून वहीत "कधी" असा एक रकाना आहे. गेल्या वर्षी स्टेअरिंग थरथरायला लागलं तेव्हा मी जाऊन सांगितलं: सरळ रस्त्यावर नाही, ऐंशीवरून ब्रेक दाबला तरच. त्यांनी पुढच्या डिस्क काढल्या, वेड्यावाकड्या झिजल्या होत्या. चाकांचं बॅलन्सिंग करण्यात एक दिवसही गेला नाही.

आता तुझी दिल्लीची गाडी. ती स्वस्त का आहे ते समजून घे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घालणारा हरित लवादाचा आदेश 2015 चा. 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. म्हणून तिथल्या गाड्या दहाच्या घरात आल्या की बाहेर विकल्या जाऊ लागल्या. त्यात धडधाकट गाड्याही असतात, ते मी नाकारत नाही. पण मूळ आरटीओची एनओसी हातात आहे का? गाडीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का? इथं पासिंग करताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं भरावा लागेल, तो विकणाऱ्यानं किमतीत धरलाय का? 2014 ची गाडी 2029 ला पंधरा वर्षांची होईल. मग तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर, आणि पुढं दर पाच वर्षांनी तेच. नूतनीकरणाची फी आधी सहाशे होती, 1 एप्रिल 2022 पासून पाच हजार झाली. हे सगळं एका कागदावर मांड. मला वाटतं, बेरीज झाल्यावर ती तुला स्वस्त दिसणार नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण: तिला ज्यानं दहा वर्षं चालवलं त्या माणसाला तू भेटू शकत नाहीस. आमचा बागायतदार बिल हरवून बसला होता, पण त्याच्या अंगणात बसून मी त्याला तासभर प्रश्न विचारले. मी तुझ्या जागी असते तर चार पैसे जास्त देऊन जवळच्या पासिंगची, मालक समोर असलेली गाडी शोधली असती.

तरी तुझं मन तिच्यावरच असेल तर शनिवारी सकाळी आपण मिळून बघू. मी पहाटेच्या एसटीनं निघते. विकणाऱ्याला आज निरोप दे, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. मी पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून बघणार आहे. कोमट लागलं तर तिथूनच परत फिरायचं. थंड असेल तर किल्ली तू फिरव, मी पुढं उभी राहून पंखा ऐकते. आईलाही घेऊन ये. तिला मधल्या सीटवर दोनदा चढवून-उतरवून बघायचं आहे, आणि घाई करायची नाही.

आप्पांना नमस्कार सांग. पोरांना गोड पापा.

तुझी,
ताई