‘बाहेरचं’ नव्हे, मेंदूतलं!

आपल्या घराच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. पौर्णिमेला विहारात वंदना होते. पण घरातलं एखादं माणूस अचानक विचित्र वागू लागलं, की शेजारीण हळूच कानात सांगते, ‘‘बाहेरचं काही आहे का बघा.’’ मग देव सोडलेल्या घरातली माणसंही गुपचूप देवऋषीच्या दारात जाऊन बसतात. हे मी ऐकीव लिहीत नाही. आमच्याच घरात ही वेळ आली होती.

१९९४ साली माझी धाकटी बहीण नववीत होती. बोलता बोलता ती मध्येच थांबायची. नजर एका जागी लागायची, काही चघळल्यासारखे ओठ हलायचे, हात ओढणीचं टोक चाचपत राहायचा. हाक मारली तरी ओ नाही. मिनिट-दीड मिनिटाने भानावर यायची, पण मधलं काहीच आठवायचं नाही. एकदा तर भरली बादली घेऊन नळावरून भलत्याच खोलीत शिरली. असं होण्याआधी तिला जळक्या रबराचा वास यायचा आणि पोटातून भीती वर चढायची. शाळेत ‘ढोंग करते’ म्हणून मार मिळाला. चाळीत ठरलं, पोरगी झपाटली. गावाकडच्या आत्याने तर भगताशी बोलणीही करून ठेवली.

वडील गिरणी कामगार, सातवी शिकलेले. ते आत्याला एवढंच म्हणाले, ‘‘आक्का, आपल्या बापानं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, ती अंगारा लावण्यासाठी नाही. पोरीला दवाखान्यात नेणार.’’

सरकारी रुग्णालयात तिच्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. डॉक्टरबाईंनी आईला समोर बसवून समजावलं, ‘‘मावशी, ही फिटच आहे. फिट म्हणजे दरवेळी खाली पडून हातपाय झाडणं नव्हे.’’

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्या सूक्ष्म विद्युत संदेशांनी आणि रसायनांनी एकमेकींशी बोलतात. फिट येते तेव्हा पुष्कळ पेशी एकाच वेळी अनावरपणे संदेश सोडू लागतात. सभेत सगळेच एकदम ओरडू लागले की कुणाचंच बोलणं कळत नाही, तसं होतं. हा गोंधळ मेंदूच्या ज्या भागात उठतो, तसं माणूस वागतं. हात हलवणाऱ्या भागात उठला तर हात झटके देतो. दृष्टीच्या भागात उठला तर उजेड चमकल्यासारखं दिसतं. दोन्ही बाजूंना पसरला तर माणूस बेशुद्ध होऊन पडतं. माझ्या बहिणीच्या बाबतीत तो कानाजवळच्या आतल्या भागात उठत होता. वास, भीती आणि आठवण यांचं काम तिथे चालतं. तो रबराचा वास, ती भीती आणि ते विसरणं, सगळ्याचा उलगडा एका वाक्यात झाला!

हा आजार मेंदूचा आहे, देवाचा कोप नव्हे, असं ग्रीक वैद्यांनी सुमारे २४०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेचा पहिला आलेख घेतला. कारणंही ठाऊक झाली आहेत : जन्मताना झालेली इजा, डोक्याला मार, मेंदूज्वर, मेंदूतली गाठ. अस्वच्छ पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून फीतकृमीची अंडी पोटात जाऊनही मेंदूत गाठी होतात आणि फिट येते. काहींच्या बाबतीत मात्र कारण सापडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या फिट थांबू शकतात. माझी बहीण त्यांतलीच एक. गोळ्या नेमाने चालू झाल्या, फिट थांबल्या, ती बारावी झाली.

पुढे लग्नाचा प्रश्न आला. हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने फेफऱ्याचा आजार विवाहाच्या आड येणारा ठरला होता. १९९९ मध्ये ते शब्द कायद्यातून काढण्यात आले. कायदा बदलला, माणसांना वेळ लागला. वडिलांनी प्रत्येक स्थळाला आजार सांगितला. दोन स्थळं परत गेली. तिसऱ्या घरच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे साखरेच्या गोळ्या चालतात, मग या का नाही चालणार?’’ आज तिला दोन मुलं आहेत.

भगिनींनो, एवढं लक्षात ठेवा. कुणाला झटके आले तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, दाबून धरू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर ताबडतोब दवाखाना गाठा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणी मारहाण करत असेल, मिरचीची धुरी देत असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर हा कायदा आला, हे विसरू नका.

कारणावाचून काही घडत नाही, हे तथागतांनी शिकवलं. डॉक्टरही कारणच शोधतो. म्हणून घरातलं माणूस बदलल्यासारखं वाटलं, गप्प झालं, चिडू लागलं, भलतंच बोलू लागलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी, दोष देण्याआधी कारण शोधा. प्रज्ञा आणि करुणा या दोन्ही तिथेच कामाला येतात.

जयभीम!