लातूरची मेस आणि सूर्यास्ताची वेळ



दहावीचा निकाल लागला की आमच्या तेरखेड्यातून बॅगा निघतात. कुणाची बार्शीला, कुणाची धाराशिवला आणि टक्के चांगले पडले की लातूरला. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव आमच्याकडे बारक्या पोरांनाही पाठ असतं. राजर्षी शाहू, दयानंद ही कॉलेजं आणि त्यांच्या भोवतीचे क्लासेस यांनी ते शहर विद्यार्थ्यांचंच करून टाकलंय. अ‍ॅडमिशन, फी, रूम, अभ्यासिका यांची चौकशी घरातले पुरुष करून येतात. पोरगी जेवणार कुठे, हा प्रश्न मात्र आईकडे येतो. गेल्या वर्षी तो माझ्याकडे आला. त्यानंतर इतक्या जणींनी विचारलं, की म्हटलं सगळं एकदा सविस्तर लिहावं.

आधी स्वस्त काय मिळतं ते सांगते. क्लासेसच्या गल्ल्यांमध्ये घरोघरी मेस आहेत. पाटी असतेच असं नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की समजायचं. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला अडीच-तीन हजार, डबा रूमवर हवा असेल तर थोडे जास्त. ताटात पोळी नाहीतर ज्वारीची भाकरी, एक भाजी, वरण-भात. वरण चांगलं असतं, कारण डाळ लातूरची. त्याच जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकन आहे. भाजीत मात्र आठवड्यातले चार दिवस बटाटा, आणि कांदा-लसूण रोजचाच.

शिवभोजन थाळीही ध्यानात ठेवा. 26 जानेवारी 2020 ला ती दहा रुपयांत सुरू झाली: दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण आणि भात. उरलेले पैसे सरकार केंद्रचालकाला देतं. ती फक्त दुपारची असते आणि ठरलेल्या थाळ्या संपल्या की संपली. जवळचं केंद्र चालू आहे ना, एवढं आधी बघून घ्यायचं. तिथं जेवायला लाजायचं काही कारण नाही. आपण पानात टाकलं नाही म्हणजे झालं.

नाश्त्याला गाड्यावर पोहे, उपीट, इडली मिळते. कांदा घालून ठेवलेले पोहे आपल्याला चालत नाहीत आणि सांबारात काय काय असतं ते विचारावंच लागतं. आमच्या पोरीनं यावर सुशीला शोधली. चुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि शेंगदाण्यांची फोडणी, वरून डाळव्याचं कूट आणि लिंबू. सकाळी लवकर गेलं आणि ‘कांदा टाकायच्या आधी माझी काढा’ म्हटलं, की गाडेवाला काढून देतो. फळं मात्र गंजगोलाईतूनच घ्यावीत. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात तिथं भाव करायला वाव असतो. डझनभर केळी आणि पावशेर फुटाणे रूमवर असले की पोरगी उपाशी झोपत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसले नसते. खरी अडचण होती वेळेची.

आमच्या पोरीनं नववीत असताना कुंथलगिरीला रात्रीभोजन सोडण्याचा नियम घेतला. कुलभूषण-देशभूषण मुनींचं ते सिद्धक्षेत्र आमच्या जवळच, शेजारच्या भूम तालुक्यात आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली तिथंच सल्लेखना घेतली. नियम घे असं तिला आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. घरी तो पाळणं सोपं होतं, कारण सासूबाईंमुळे आमची चूलच दिवस मावळायच्या आत विझते. लातूरला क्लास सुटायचा सातला आणि मेस उघडायची आठला. जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात तर सहाच्या आत. दुपारी एकला जेवलेली पोर दुसऱ्या दिवशी नाश्त्यापर्यंत केळ्यावर. केळंसुद्धा क्लासमध्ये बाकाखाली लपवून खायचं.

दिवाळीला घरी आली तेव्हा तिचे गाल बसले होते. आमचं गाव फटाक्यांचं. दिवाळीत तेरखेड्याला बाहेरून गिऱ्हाईक येतं, आणि आमच्या घरात मात्र महावीर निर्वाणाचा लाडू चढवून शांतता. त्या शांततेत वाद झाला. तिचे वडील म्हणाले, “दोन वर्षं नियम बाजूला ठेव, आधी शरीर सांभाळ.” मला ते पटत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. सासूबाईंनी दोघांनाही गप्प केलं. म्हणाल्या, “नियम तिनं घेतलाय. मोडायचा का ठेवायचा ते तीच ठरवील. तुम्ही तिच्या जेवणाचं बघा.”

मग बघायला मी लातूरला गेले. येडशी-मुरूड मार्गे एसटीनं पोहोचले आणि मेसच्या काकूंकडे जाऊन बसले. त्या जैन नाहीत. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “क्लासला संध्याकाळची सुट्टी किती वाजता असते?” पाच ते साडेपाच. “मग चारला डबा भरून ठेवते. भाजीची फोडणी द्यायच्या आधी तिची वाटी वेगळी काढीन, कांदा नंतर.” जास्तीचे पैसे विचारले तर त्यांनी हात हलवला. महिन्याभरात आणखी चार पोरींनी तसलाच डबा लावला. त्यांना ना नियम, ना सूर्यास्ताशी काही देणंघेणं. आठला जेवलं की अभ्यासाला झोप येते, एवढंच त्यांचं कारण.

मला तेव्हा लक्ष्मीबाई पाटील आठवल्या. कर्मवीर भाऊराव कुंभोजच्या जैन घरातले. 1924 साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. रयत शिक्षण संस्थेचं नाव सगळे घेतात, पण त्या पंगतीत धान्य कुठून यायचं ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. आपण आहारदानाला पुण्य म्हणतो. परक्याच्या लेकीची वाटी आठवणीनं वेगळी काढून ठेवणं, हेही त्याच जातीचं पुण्य आहे असं मला वाटतं.

म्हणून ज्यांच्या मुली यंदा निघाल्या असतील त्यांना सांगते. रूम बघायच्या आधी मेस बघा, आणि मेस बघताना ताटाच्या आधी स्वयंपाक करणाऱ्या बाईशी बोला. कंदमुळं, कांदा, वेळ, जे असेल ते संकोच न करता स्पष्ट सांगा. पाणी गाळायला स्वच्छ कापड बॅगेत टाका. आणि पोरीला रोज फोनवर “नियम पाळलास का?” असं विचारू नका. मी विचारत नाही. “जेवलीस का?” एवढंच विचारते. तिचं उत्तर आलं की मला वेळ कळतेच.