तिथी, भरती आणि मांडव

गणपतीपुळ्याला लग्न करायचं ठरलं की मुंबई-पुण्याची मंडळी मला आधी सजावटीचं विचारतात. मी त्यांना तिथी विचारते. तारीख नव्हे, तिथी. इथे पंचांगाला दोन कामं असतात. गुरुजी त्यातून मुहूर्त काढतात आणि आम्ही किनाऱ्यावरची माणसं त्यातूनच समुद्राची वेळ काढतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पंचमीला पावणेचारच्या सुमारास पाणी पुरं चढलेलं असणार आणि तिथून साधारण सहा तासांनी उतरलेलं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून छापील भरतीतक्ता मी जवळ ठेवतेच. पण लग्नाची बोलणी बैठकीतच चालू असताना हा हिशेब बोटांवर करता येतो, आणि त्यावर दिवसाची सगळी मांडणी उभी राहते.

हल्ली प्रत्येकाला मावळतीचं लग्न हवं असतं. किनारा पश्चिमेचा, गोरज मुहूर्तही शास्त्रातलाच, त्यामुळे मागणी रास्त आहे. डिसेंबरात सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच बुडतो, मे महिन्यात सातच्या आसपास. त्या वेळी वाळू मोकळी हवी असेल तर द्वितीया-तृतीया उत्तम. भरती दुपारी होऊन गेलेली असते आणि संध्याकाळभर पाणी मागे सरत असतं. दशमीला नेमकं उलटं. साडेसातला पूर्ण भरती, म्हणजे वधू-वर उभे राहणार तेव्हा लाटा मांडवाकडे येत असणार. पौर्णिमेचं लोकांना फार आकर्षण असतं. संध्याकाळी पाणी खाली असतं आणि वाळूचा विस्तीर्ण पट्टा पाहून सगळे खूश होतात. पण ते उधाणाचे दिवस. भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरचा. रात्री अकराच्या पुढे पाणी त्याच पट्ट्यावर परत येतं. म्हणून पौर्णिमेला मी जेवणाची टेबलं वाळूवर लावू देत नाही आणि जनरेटर तर कधीच नाही. अष्टमीच्या भांगाला पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही.

इतकं सांगूनही माझं मत असं आहे की विधी वाळूवर करू नयेत. दुपार झाली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि सूर्य मावळेपर्यंत थांबत नाही. अंतरपाट दोघांनी धरला तरी शिडासारखा फुगतो, आणि होमाचा जाळ आडवा होऊन धूर थेट वधूच्या तोंडावर जातो. लाजाहोम घाईत उरकला जातो. हिंदू विवाह कायदा, १९५५, याचं सातवं कलम सांगतं की जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. ज्या सात पावलांवर सगळं उभं आहे, ती डोळ्यांत वाळू जात असताना, कॅमेऱ्यासाठी मध्येच थांबवून, पुन्हा मागे घेऊन टाकायची? मला ते सहन होत नाही. विधी माडांच्या वाडीत करावेत. पोफळीचे खांब, वर झावळ्या, पश्चिमेच्या अंगाला विणलेल्या झापांचा आडोसा. सकाळचा मुहूर्त मिळाला तर फारच छान. तेव्हा जमिनीकडून मतलई वाहत असते, हलकी आणि कोरडी, आणि होम नीट पेटतो. समुद्राला संध्याकाळचा एक तास द्यावा, माणसांनी मोकळेपणानं वाळूवर हिंडावं.

मुहूर्त ठरला की तिथून मागे मोजत यायचं. पूर्वी लग्नघरी पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडत. बुडाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी भरून बुडाली की घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. मी आजही दिवस घटकांनीच कापते, कारण पाच-पाच मिनिटांचे तक्ते लग्नघरात टिकत नाहीत. वधूचं गौरीहरपूजन मुहूर्ताआधी दोन घटका सुरू व्हायला हवं. त्याआधी नेसणं आणि केस, त्याला मी पाच घटका ठेवते. मुंबईचं बरंच वऱ्हाड तुतारी एक्स्प्रेसनं येतं. रात्री दादरहून निघून सकाळी रत्नागिरी. (या गाडीला केशवसुतांच्या कवितेचं नाव आहे, आणि त्यांचं जन्मगाव मालगुंड पुळ्याला लागूनच आहे. पाहुण्यांना हे मी आवर्जून सांगते; पुष्कळजण मग स्मारक बघून येतात.) आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरी ते पुळे पंचवीसेक किलोमीटर, पण चढ-वळणांवर बसला तास धरावा. शनिवार-रविवार किंवा नाताळची सुट्टी असेल तर दीड. गाडी उशिरा आली तर मुहूर्त हलत नाही, म्हणून जवळच्या नातेवाइकांनी आदल्या दिवशी सीमांतपूजनालाच पोचावं असा माझा आग्रह असतो.

देवदर्शनाचीही वेळ काढावी लागते. पुळ्याचा गणपती स्वयंभू आणि मागचा अख्खा डोंगरच देवाचं रूप मानलेला. त्यामुळे प्रदक्षिणा म्हणजे डोंगराभोवतीची किलोमीटरभराची वाट, अनवाणी. भर दुपारी ती दगडी वाट पोळते. नव्या जोडप्याला शालू-सोवळ्यात तेव्हा चालवू नये. उन्हं उतरल्यावर न्यावं. संकष्टीला गावात गाड्या उभ्या करायला जागा उरत नाही. चतुर्थी रिक्ता तिथी, शुभकार्याला टाळलेली, तरी काढीव मुहूर्त घेणारे कधीकधी तीच धरून येतात. त्यांना मी परत गुरुजींकडे पाठवते.

पंगतीबद्दल थोडकंच. अळू, डाळिंब्यांची उसळ, मसालेभात, मठ्ठा ही घडी मोडू नये. फाल्गुन-चैत्रात ओल्या काजूची उसळ हवीच. उकडीचे मोदक मात्र आधी करून ठेवता येत नाहीत, पारी सुकते आणि चिरते. पंगतीगणिक ताजे घाणे काढणाऱ्या गावातल्या बायका आठवडाभर आधी सांगून ठेवाव्या लागतात, आणि त्यांचे पैसे त्याच दिवशी द्यावेत.

आता ज्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ते. लग्नाच्या सकाळी नवरदेवाचे मित्र समुद्रात उतरतात. पुळ्याचा किनारा दिसायला शांत, पण पाण्याला ओढ आहे आणि तळ अचानक खोल जातो. इथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. मी निमंत्रणासोबतच्या पत्रकात पोहू नका असं ठळक छापायला लावते, आणि दोन्ही घरांतला एकेक थोरला माणूस त्या सकाळी वाळूवर बसवते. स्थानिक माणूस ‘आज नको’ म्हणाला तर त्यावर वाद घालायचा नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हीच आपली लग्नसराई. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी त्यांची घरटी जपली, हे काम मी फार मोठं मानते. समुद्राकडे रोखलेले झगझगीत दिवे कासविणीला परतवतात. माझ्या लग्नांत दिवे जमिनीकडे वळलेले असतात आणि जेवणं झाली की वाळूवरचे सगळे बंद होतात. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा नियम आहेच.

तुळशीच्या लग्नानंतर आभाळ कोरडं असतं असं शहरातले लोक धरून चालतात. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळानं हा किनारा झोडपला. २०१९ ला ऐन दिवाळीत क्यार समुद्रात होतं. म्हणून नोव्हेंबरच्या लग्नाला पक्क्या छपराचं सभागृह मी आधीच राखून ठेवते. यजमानांना तो खर्च जास्तीचा वाटतो, तरी ठेवते.

शेवटचं काम कागदांचं. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं विवाहनोंदणी ९० दिवसांत करायची असते. अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते आणि निबंधकापुढे तीन साक्षीदार. गुरुजी दुसऱ्या मुहूर्तावर निघून जातात, साक्षीदार पुण्याच्या बसमध्ये बसतात, आणि मग नवी सून व्हिसासाठी दाखला शोधत बसते. म्हणून अर्ज भरून माझ्या पिशवीत तयार असतो. लाजाहोम, सप्तपदी आटोपली की दक्षिणेच्या आधी गुरुजींपुढे तो ठेवायचा, आणि विहिणींची पंगत बसण्यापूर्वी तिघा साक्षीदारांच्या ओळखपत्रांच्या प्रती घेऊन ठेवायच्या.