कप्प्यातले पत्ते

जावा शिकायला आलेल्यांना मी पहिल्याच आठवड्यात एक ओळ लिहायला लावतो: ३० विद्यार्थ्यांचा ॲरे. मग विचारतो, मेमरीत आता विद्यार्थी किती? बहुतेक जण ३० म्हणतात. खरं उत्तर शून्य. तयार झाले ते ३० कप्पे, आणि प्रत्येकात नल. विद्यार्थी 'न्यू' लिहून एकेक आपणच घडवायचा, आणि कप्प्यात ठेवला जातो तो त्याचा पत्ता. साध्या 'इंट'च्या ॲरेत मात्र आकडे खुद्द कप्प्यातच राहतात, सुरुवातीला सगळे ०.

हे मला पुस्तक वाचून उमगलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पगारपत्रकाचा प्रोग्राम लिहीत होतो. मूळ यादीला धक्का लागू नये म्हणून ॲरेचा क्लोन केला आणि त्या प्रतीत निर्धास्तपणे भत्ते बदलले. मूळ यादीतलेही बदलले! दोन रात्री मी चूक बेरजांमध्ये शोधत होतो. क्लोनने कप्पे नवे केले होते, पण पत्ते जुनेच उतरवून घेतले होते. कर्मचारी दोन्हीकडे तेच. तेव्हापासून प्रत हवी असली की आतला प्रत्येक ऑब्जेक्टही मी नव्याने बांधतो.

ॲरे स्वतःही ऑब्जेक्टच. त्याची लांबी जन्मतःच ठरते आणि पुढे बदलत नाही. ॲरेलिस्ट वाढताना दिसते, पण तिच्या पोटातही ॲरेच असतो. तो भरला की मोठा नवा ॲरे घेऊन सगळे पत्ते तिकडे हलवले जातात.

क्रमांक शून्यापासून का, हा प्रश्न दर वर्गात येतो. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली त्यावर एक छोटं टिपण लिहिलं. मी शिकवताना एवढंच सांगतो की क्रमांक म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. सुरुवातीच्या पत्त्यात क्रमांक गुणिले कप्प्याचा आकार मिळवला की कप्पा सापडला. दहा लाखावा कप्पाही तेवढ्याच एका गुणाकाराने हाती लागतो. इतक्या वर्षांनीही मला याचं अप्रूप वाटतं.

एक गोष्ट मात्र जावाची चूकच मानतो. स्ट्रिंगचा ॲरे ऑब्जेक्टच्या ॲरेच्या नावाने वापरता येतो. त्यात आकडा घातला तरी कंपायलर गप्प राहतो आणि प्रोग्राम चालताना कोसळतो. २००४ साली जेनेरिक्स आले, त्यांत ही पळवाट ठेवलेली नाही.

शिकत असाल तर आज एवढं करा. एकच ऑब्जेक्ट दोन कप्प्यांत ठेवा, एका कप्प्यातून तो बदला आणि दुसऱ्यातून वाचून बघा.